रेषेची ढाल, रेषेचा चढ

भाची पुण्याहून सुट्टीला आली की मी तिच्या सॅकमधून आधी गणिताचं पुस्तक काढून घेते. यंदा ती दहावीत जाणार. पुस्तक नवंकोरं होतं, पानं अजून एकमेकांना चिकटलेली. दुपारची जेवणं आटोपली, कूलर लावला, खालच्या खोलीत आम्ही दोघी आडव्या झालो आणि मी गणित भाग दोन चाळायला घेतलं. ‘निर्देशक भूमिती’ या प्रकरणात एका मथळ्याशी आले आणि उठून बसले. रेषेचा चढ.

चढ! रेषा किती तिरपी आहे हे सांगणाऱ्या ज्या संख्येला मी उभा जन्म ढाल म्हणत आले, तिला माझ्या घरच्या भाषेत चढ म्हणतात, हे मला त्या दुपारी कळलं.

आम्ही ग्वाल्हेरची, म्हणजे खरं तर लश्करची माणसं. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली उज्जैनहून राजधानी इथं आणली, किल्ल्याच्या दक्षिणेला फौजेची छावणी पडली, त्या छावणीचंच शहर झालं आणि नाव लश्करच राहिलं. त्या फौजेबरोबर, दफ्तराबरोबर आलेल्या घरांपैकी आमचं एक. देव, स्वयंपाक, आजारपण, रुसवेफुगवे सगळं मराठीत आणि शाळा हिंदीत. त्यामुळे घरात वरणभात होता, पण समांतर रेषा नव्हत्या. गणिताचा एकही शब्द मी मराठीत शिकले नाही. पुढं तीस वर्षं घरी शिकवण्या घेतल्या त्याही हिंदीतूनच. ‘दो बिंदुओं से जाने वाली रेखा की ढाल ज्ञात कीजिए’ हे वाक्य मी इतक्या वेळा उच्चारलं असेल, की झोपेतही म्हणून दाखवीन.

भाचीला ते म्हणून दाखवलं तर ती खळखळून हसली. “रेषेला ढाल कशाला, आत्या? लढाईला निघालीय का ती?”

बरोबर आहे तिचं. पुण्यात वाढलेल्या कानाला ढाल म्हटलं की तलवार आठवणारच. तिच्या मराठीत आमच्या ढालीच्या जवळचा शब्द आहे ढाळ. गच्चीला, न्हाणीघराला पाण्यासाठी गवंडी देतो तो. आमचे मास्तर कधी कधी प्रवणता असाही शब्द वापरायचे, तोही उतरत्या वाटेचाच, कारण संस्कृतात प्रवण म्हणजे खाली उतरत गेलेलं. दुष्काळप्रवण, अपघातप्रवण हे शब्द मराठीत रोज छापून येतात, त्यातही हे खालच्या बाजूला झुकणं आहेच. म्हणजे हिंदीनं आणि संस्कृतानं रेषेकडे माथ्यावर उभं राहून पाहिलं, आणि मराठीनं पायथ्याशी उभं राहून, मान वर करून.

“मग बरोबर कोणतं?” भाचीनं विचारलं. “वर जाणारं की खाली येणारं?”

हा प्रश्न मी अकरावीत असताना फार कडवटपणे विचारला होता. त्याची गोष्ट तिला सांगितली.

परीक्षेत एक सोपा प्रश्न होता. दोन बिंदू दिलेले, एक (२, ३) आणि दुसरा (६, ११). त्यांना जोडणाऱ्या रेषेची ढाल काढा. सूत्र सगळ्यांना पाठ असतं. दुसऱ्याच्या वायमधून पहिल्याचा वाय वजा करायचा, दुसऱ्याच्या एक्समधून पहिल्याचा एक्स वजा करायचा, आणि वायच्या फरकाला एक्सच्या फरकानं भागायचं. ११ वजा ३ म्हणजे ८, ६ वजा २ म्हणजे ४, उत्तर २. पण मी त्या दिवशी उलट्या टोकापासून सुरुवात केली. ३ वजा ११ म्हणजे उणे ८. २ वजा ६ म्हणजे उणे ४. उणे भागिले उणे, उत्तर पुन्हा २. उत्तरपत्रिका हातात आली तर त्या प्रश्नावर लाल फुली आणि बाजूला लिहिलेलं, सूत्र उलटं लिहिलं आहे. गुण शून्य. मी विचारायला गेले तर मास्तर म्हणाले, पुस्तकात जसं आहे तसंच लिहायचं. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. पण तो शून्य मला फार लागला. चुकलं असतं तर मी मुकाट्यानं मान्य केलं असतं. बरोबर असून चूक ठरणं निराळं असतं, आणि शिकवण्या घेताना मी कुठल्याही मुलाची वही तपासली तरी तो शून्य माझ्या हाताशी असायचा.

नाना, माझे वडील, पाटबंधारे खात्यात ओव्हरसीअर होते. चढ-उतार मोजणं हेच त्यांचं पोटापाण्याचं काम. कालव्याचा तळ इतका हळू उतरतो की डोळ्याला तो सपाटच वाटतो. पाण्याला मात्र तो कळतो. ढाळ जास्त झाला तर पाणी काठ खात सुटतं, कमी पडला तर गाळ बसतो. नाना कधी ‘एवढे अंश’ असं म्हणत नसत. ते म्हणायचे एकास हजार, एकास पाच हजार. हजार हात आडवं जावं तेव्हा एक हात उतरावं. बोरघाटातली रेल्वे एकास सदतीस चढते, हे ते किती कौतुकानं सांगायचे! सदतीस पावलं पुढं गेल्यावर एक पाऊल वर. कोनात मांडलं तर जेमतेम दीड अंश भरतो, पण तेवढ्यासाठी गाडीला मागून इंजिनं जोडावी लागतात. दीड अंश म्हटलं तर काहीच डोळ्यांसमोर येत नाही, एकास सदतीस म्हटलं की घाट दिसतो. रेषेचा चढ म्हणजे हेच गुणोत्तर आहे, आडवं किती गेलो त्याच्या मानानं वर किती गेलो. कोनाशी त्याचं नातं टॅनचं, म्हणजे काटकोन त्रिकोणात कोनासमोरच्या बाजूला लगतच्या बाजूनं भागून जे गुणोत्तर येतं त्याचं. रेषा एक्स अक्षाच्या धन दिशेशी जो कोन करते त्याचा टॅन म्हणजे तिचा चढ. पंचेचाळीस अंशांना तो १ होतो, जेवढं पुढं तेवढंच वर. पण नानांचं ऐकत वाढल्यामुळे माझ्या मनात आधी पावलं येतात, कोन मागाहून येतो.

तर त्या फुलीनंतरच्या रविवारी नानांनी मला पहाटे उठवलं आणि किल्ल्यावर नेलं. बरोबर एक मीटरची लाकडी पट्टी, एक पाणसळ आणि सुतळीला बांधलेला ओळंबा. ईशान्येकडच्या दरवाजातून वर जाणारा जुना रस्ता पायी चढण्याचाच आहे. पायथ्याशी गुजरी महाल, मग एकामागून एक दरवाजे आणि शेवटी हत्तीपोळ. खडक शंभरेक मीटर उंच, आणि रस्ता त्याच्या अंगाला बिलगून वर जातो. अर्ध्या वाटेवर नाना थांबले. पट्टीचं एक टोक वरच्या बाजूला फरशीवर टेकवलं, दुसरं हवेत धरलं, पाणसळीतला बुडबुडा मध्ये येईपर्यंत हात वर-खाली केला, आणि त्या हवेतल्या टोकापासून ओळंबा सोडायला मला सांगितलं. सुतळी जमिनीला टेकली तिथपर्यंत मोजलं तर सोळा सेंटिमीटर. शंभर आडवे, सोळा उभे. ०.१६.

“आता वरून खाली उतरताना मोज,” नाना म्हणाले.

मी वर जाऊन उभी राहिले. पट्टी तीच, जागा तीच. खाली येताना मी सोळा उतरते, म्हणून उणे सोळा. पण मग पुढं शंभर जाते की मागं? जाताना ज्या दिशेला शंभर मोजले होते, आता त्याच्या उलट दिशेनं चालतेय. म्हणजे तेही उणे शंभर. उणे सोळा भागिले उणे शंभर. ०.१६.

“अगं, वरून खाली आलं म्हणून रस्ता बदलतो का?” एवढंच नाना म्हणाले. मास्तरांविषयी एक शब्द नाही.

हे मी आजवर शेकडो मुलांना सांगितलं आहे. कुठल्याही टोकापासून सुरुवात करा, हरकत नाही, पण एकदा ज्या बिंदूपासून निघालात त्याला धरून राहा. वायची वजाबाकी एका टोकापासून आणि एक्सची दुसऱ्या टोकापासून केली की चिन्ह उलटतं आणि चढाचा उतार होतो. पोरं चुकतात ती बहुतेक इथंच. निम्मी वजाबाकी चढताना केलेली असते, निम्मी उतरताना. काही मुलं एक्सचा फरक वर लिहितात आणि २ च्या जागी अर्धा आणतात. त्यांना मी विचारायची, ‘तुम्हारी रेखा आगे ज़्यादा गई कि ऊपर?’ की ती आपोआप दुरुस्त करायची.

हे सगळं ऐकून भाची गप्प झाली, आणि दुसऱ्या दिवशी किल्ल्यावर जायचंच म्हणून हटून बसली. ओळंबा नव्हता. दोरीला कुलूप बांधलं. पाणसळीऐवजी तिनं मोबाईल पट्टीवर ठेवला, त्यात बुडबुडा दाखवणारं काहीतरी असतं म्हणे. उन्हाच्या आत वर पोचायचं म्हणून साडेपाचलाच निघालो.

तिनं पाच ठिकाणी मोजलं. कुठं नऊ आले, कुठं सतरा, एका दरवाजाच्या उंबऱ्याशी फक्त दोन. वहीत आकडे लिहून म्हणाली, “आत्या, पण मग या रस्त्याचा चढ किती?” मला तो प्रश्न फार आवडला. वाकड्या रस्त्याला एक चढ नसतोच. जागोजागी वेगळा असतो, आणि एका जागेचा नेमका चढ काढायला दोन बिंदू जवळ, आणखी जवळ आणत जावे लागतात. ते गणित तिला दोन वर्षांनी भेटेल. सरळ रेषेचं मात्र तसं नाही. तिच्यावर कुठलेही दोन बिंदू घ्या, जवळचे घ्या नाहीतर लांबचे, त्यांच्याखाली काढलेले काटकोन त्रिकोण एकमेकांशी समरूपच निघतात, लहान-मोठे असले तरी. म्हणून गुणोत्तर तेच राहतं. (२, ३) आणि (६, ११) यांच्यामध्ये (४, ७) हा बिंदू घेऊन पाहा. पहिल्यापासून तिथवर ४ वर, २ पुढं, पुन्हा २. तीन बिंदू एका रेषेत आहेत का हे पट्टी न लावता ओळखायचं असेल तर हीच परीक्षा. दोन-दोन बिंदूंचे चढ काढा आणि ताडून पाहा.

त्याच रस्त्यावर, हत्तीपोळेच्या खाली, खडकातून कोरून काढलेलं चतुर्भुजाचं देऊळ आहे. केवढंसं आहे! वरच्या मानमंदिराकडे धावणारी माणसं बहुतेक त्याच्या पुढून तशीच निघून जातात. मी मात्र तिथं थांबल्याशिवाय कधी पुढं जात नाही. आतल्या भिंतीवर संस्कृत शिलालेख आहे, विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इसवी सन ८७६. प्रतिहार राजा भोजाच्या काळातला. देवाच्या फुलबागेसाठी नगरानं जमीन दिली, २७० हस्त लांब आणि १८७ हस्त रुंद. आणि माळ्यांनी देवाला रोज ५० हार द्यायचे. २७० मधलं आणि ५० मधलं शून्य तिथं कोरलेलं आहे. इतर अंकांपेक्षा लहान, एक छोटासा गोल. स्थानमूल्याच्या पद्धतीत, आज आपण लिहितो तसंच लिहिलेलं आणि साल पक्कं ठाऊक असलेलं भारतातलं इतकं जुनं शून्य फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळतं. नानांनी मला ते पहिल्यांदा दाखवलं तेव्हा म्हणाले होते, “तुझ्या पेपरातलं शून्य इथून आलं.” मी रडायची थांबले होते.

भाचीला मी म्हटलं, मांड ही बाग कागदावर. बागेचा एक कोपरा आरंभबिंदूवर, म्हणजे (०, ०) वर. हे आडवे-उभे अक्ष युरोपातून आले, फ्रेंच गणिती देकार्तचं भूमितीवरचं लेखन १६३७ सालचं. पण आरंभबिंदूच्या कंसातली दोन्ही शून्यं इथल्या माळ्यांच्या ओळखीची. लांबी एक्स अक्षावर, रुंदी वाय अक्षावर, म्हणजे समोरचा कोपरा (२७०, १८७). सकाळी कुणी माळीण या कोपऱ्यातून त्या कोपऱ्याकडे फुलं वेचत तिरपी गेली, तर तिच्या वाटेचा चढ १८७ भागिले २७०, साधारण ०.६९. दुसऱ्या दोन कोपऱ्यांना जोडणारी वाट (०, १८७) पासून (२७०, ०) पर्यंत उतरते, तिचा चढ उणे ०.६९. या दोन वाटा काटकोनात छेदतात का? चढांचा गुणाकार उणे १ आला तर छेदतात. इथं येतो उणे ०.४८. म्हणजे नाही. बाग चौरस असती तर चढ १ आणि उणे १ आले असते, आणि वाटा काटकोनात छेदल्या असत्या. देवळाच्या पायरीवर बसून भाची हे सगळं करत होती, आणि तिच्या पाठीमागे ते २७० अकराशे वर्षांहून जास्त काळ तसंच उभं होतं.

बागेच्या लांबीकडच्या दोन्ही कडा आडव्या, एकमेकींना समांतर. त्यांचा चढ शून्य. वर किती गेलो, तर ०. पुढं किती, तर २७०. शून्याला २७० नं भागलं की शून्य, त्यात काही अडचण नाही. सपाट रस्त्याला चढ असतोच, तो शून्य असतो, एवढंच. पण रुंदीकडची कड घेतली तर वर जातो १८७ आणि पुढं जातो शून्य. १८७ भागिले शून्य. इथं पुस्तक म्हणतं, चढ ठरवता येत नाही. मुलं या दोन गोष्टींची हमखास गल्लत करतात आणि दोन्हीकडे ‘शून्य’ लिहून मोकळी होतात. मला यात त्यांची चूक कमी आणि शिकवणाऱ्याची घाई जास्त वाटते. ‘ठरवता येत नाही’ म्हणून पुढं जाऊन कसं चालेल? का ठरवता येत नाही हे सांगितलं पाहिजे.

म्हणून मी तिला देवळातून बाहेर आणलं आणि कड्याकडे बघायला लावलं. किल्ल्याच्या खडकाचे कडे काही ठिकाणी अगदी ओळंब्यात आहेत. पेन्सिल हातात घे, म्हटलं, आणि कलती धर. आता हळूहळू उभी करत जा. चढ १, मग ५, मग १००, मग हजार. जितकी उभी तितका आकडा मोठा. आता पलीकडून ये. उलट्या बाजूला कललेली पेन्सिल उभी करत जा. उणे ५, उणे १००, उणे हजार. दोन्हीकडून पेन्सिल एकाच जागी येऊन उभी राहते, पण आकडे एकमेकांपासून दूर दूर पळत असतात. त्या उभ्या पेन्सिलीला कोणता आकडा द्यायचा? एक दिला तर दुसऱ्या बाजूवर अन्याय. म्हणून देता येत नाही. आपल्या भास्कराचार्यांनी अशा राशीला, जिच्या छेदात शून्य आहे तिला, ‘खहर’ असं नाव दिलं होतं. ११५० साली रचलेल्या ग्रंथात ते म्हणतात, तिच्यात काहीही मिळवा, काहीही काढा, ती बदलत नाही, अनंत अच्युतासारखी. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवानं काढलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे. आजचं गणित खहराला संख्या मानत नाही. पण कड्याकडे बघितलं की त्यांना काय दिसलं असेल ते मला समजतं.

मानमंदिरापर्यंत पोचलो तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. निळ्या फरशांच्या भिंतीच्या सावलीत बसलो, घरून आणलेले धिरडे खाल्ले. खाली जुनं ग्वाल्हेर पसरलेलं होतं. भाचीनं वहीच्या एका पानावर अक्ष काढले आणि माझ्या परीक्षेतले दोन बिंदू मांडून, रेषा जाड केली. पेन शाईचं होतं, रेषा पानाच्या पाठीमागे उमटली.

“आत्या, तुझे नाना म्हणाले, वरून खाली आलं तरी रस्ता बदलत नाही. चढच राहतो.”

“हो.”

“मग ढाल कुठून आली?”

मी सांगायला लागले की तो भाषेतला फरक आहे, शब्द दोन, संख्या एकच. ती ऐकत नव्हती. तिनं पान वहीतून फाडलं, उलटं करून उन्हाकडे धरलं आणि मला जवळ ओढलं. उजवीकडे वर जाणारी रेषा आता डावीकडे वर जात होती. एक्स अक्षाची धन बाजू डावीकडे गेली होती.

“इथून बघ. आता अक्ष नव्यानं काढ. उजवीकडे धन. बिंदू कोणते?”

मी वाचले. उणे २, ३. उणे ६, ११. वरचा फरक ८, खालचा उणे ४.

“उणे दोन,” मी म्हटलं.

“म्हणजे बिंदू कुठलाही आधी घेतला तरी काही होत नाही. पण कागदाच्या मागं जाऊन उभं राहिलं की होतं.” तिनं पान पुन्हा सुलटं केलं, मग उलटं, मग सुलटं. “इकडून चढ. तिकडून ढाल.”

बरोबर होतं. तीस वर्षांत मी रेषेची टोकं असंख्य वेळा बदलली होती, पण पान उलटं करून कधी पाहिलं नव्हतं. मी ते तिच्या हातातून घेतलं आणि दोन्ही हातांनी उन्हाकडे धरलं. कागदातून ऊन येत होतं, शाईची रेषा त्यात काळी दिसत होती, आणि रेषेच्या खाली कागदाच्या कडेबाहेर पूर्वेचा तो रस्ता, त्यावरून माणसं वर येत होती, खाली जात होती.